ऑटिझम आणि पोटातले जीवाणू : चार वर्षांच्या मुलाला 'गट थेरपी' (gut, म्हणजे आतड्याची) द्यावी का?

विश्रामबागची_आई

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र, पण आता डोकं चालेनासं झालंय म्हणून धागा काढतेय.

मुलगा चार वर्षांचा. दिवाळीनंतर ऑटिझमचं निदान झालं. स्पीच थेरपी आणि ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) सांगलीतच चालू आहे. शब्द मोजकेच आहेत, पण हवं ते हाताला धरून नेऊन दाखवतो, हाक मारली की आता वळून बघतो. त्या बाबतीत तक्रार नाही.

खरा छळ पोटाचा आहे. खाणं म्हणजे दूध, बिस्किटं, कोरडा भात आणि चुरमुरे. भडंग नाही हं, साधे पांढरे चुरमुरे. एखाद्याला हळदीचा डाग दिसला तरी ताटली भिरकावतो. शी चार-चार दिवस होत नाही. मग हॉलच्या पडद्यामागे जाऊन चवड्यांवर उभा राहतो, पाय एकमेकांत आवळून, लालबुंद होऊन कुंथतो. आणि मधूनच चड्डीला पातळ लागलेलं असतं. त्यामुळे सासूबाईंचं म्हणणं, याला जुलाबच होतात, डाळिंबाची साल उगाळून दे.

आता मुद्दा. थेरपीतल्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका मोठ्या शहरातल्या केंद्राचा व्हिडिओ फिरतोय. ऑटिझमचं मूळ आतड्यात आहे, आधी शीची तपासणी, मग डाएट, मग प्रोबायोटिक, आणि शेवटी 'एफएमटी' म्हणजे निरोगी माणसाच्या शीतले जीवाणू मुलाच्या आतड्यात सोडायचे. अमेरिकेत ८०% सुधारणा झाली म्हणे. पॅकेजचा आकडा ऐकून मी गप्पच बसले, पण सासरे म्हणाले, "पोराचं होत असेल तर पैशाचं बघू, बागेवर उचल घेता येईल." द्राक्षबाग आहे आमची तासगावकडे.

कुणी केलंय का हे? खरंच काही तथ्य आहे का? कृपया टर उडवू नका.

चिंचबन

वाचतेय. माझ्या बहिणीच्या मुलीसाठी मलाही हवंय.

मोकळा_विचार

ताई, बिनधास्त करा. आपल्याकडे पूर्वीपासून सांगतात की सगळे रोग पोटातून सुरू होतात. डॉक्टर लोकांना गोळ्या विकायच्या असतात, म्हणून ते असलं काही सांगणार नाहीत.

पेट्री_डिश

मो. वि., पॅकेज विकणारं केंद्रही काही धर्मादाय नाही हो.

ताई, मी सूक्ष्मजीवशास्त्रातला माणूस, मूळचा मिरजेचा. तो ८०% चा आकडा कुठून आला ते सांगतो, कारण तो खोटा नाही, पण अर्धा कापून आणलेला आहे.

अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या गटाने २०१७ साली हा अभ्यास छापला. मुलं १८. वयं ७ ते १६. सगळ्यांना ऑटिझमबरोबर पोटाच्या जुनाट तक्रारी. आधी दोन आठवडे व्हॅन्कोमायसिन नावाचं अँटिबायोटिक, मग उपास आणि जुलाब देऊन आतडं धुणं, मग दात्याच्या शीतून शुद्ध केलेल्या जीवाणूंचा एक मोठा डोस, आणि त्यानंतर सात-आठ आठवडे रोज छोटा डोस. याचा परिणाम म्हणून जे ८० टक्क्यांच्या आसपास कमी झालं, त्या *पोटाच्या तक्रारी* : बद्धकोष्ठ, जुलाब, पोटदुखी, अपचन. ऑटिझमच्या लक्षणांतही सुधारणा नोंदली होती, पण ८०% हा आकडा तिचा नाही. व्हिडिओवाल्यांनी एक शब्द गाळला आणि आकडा ठेवला.

दोन वर्षांनी त्याच मुलांना पुन्हा पाहिलं, ते २०१९ साली छापून आलं. सुरुवातीला ८३% मुलं 'तीव्र ऑटिझम' गटात होती, ती १७ टक्क्यांवर आली असं त्यात आहे. वाचून कुणाही आईबापाची छाती धडधडेल. पण दोन गोष्टी बघा. एक, या अभ्यासात खोटा डोस दिलेला गटच नव्हता. आईवडिलांना, मुलांना, तपासणाऱ्यांना, सगळ्यांना माहीत होतं की उपचार झालेत. दोन, मधल्या दोन वर्षांत काही मुलांची औषधं बदलली, आहार बदलला, आणि वयही दोन वर्षांनी वाढलं. सात वर्षांचं पोर नऊचं होतं तेव्हा ते काही ना काही शिकतंच.

आणि तिसरं खास तुमच्यासाठी : त्या १८ जणांत तुमच्या मुलाच्या वयाचं एकही नव्हतं.

बालडॉक्टर_सातारा

पेट्री_डिश यांनी माझं अर्धं काम केलं. मी साताऱ्यात बालरोगतज्ज्ञ आहे. इथे डोस लिहिणार नाही, त्यासाठी मूल तपासावं लागतं. पण ताई, तुमच्या वर्णनात जे दिसतंय ते कुणीतरी लवकर सांगायला हवं.

पडद्यामागे चवड्यांवर, पाय आवळून, लालबुंद. तो कुंथत नाहीये. तो *धरून ठेवतोय*. कधीतरी कडक शी होताना दुखलं, ते लक्षात राहिलं, आता प्रत्येक वेळी कळ आली की तो ती परतवून लावतो. जितकी आत राहते तितकी आणखी कोरडी आणि मोठी होते. आतडं ताणलं जातं, मग कळ आलेलीही नीट कळत नाही. आणि चड्डीला लागणारं पातळ म्हणजे जुलाब नव्हेत : कडक गोळ्याच्या बाजूने जी पातळ शी निसटते ती. यावर जुलाब थांबवणारं काहीही दिलं, डाळिंबाची साल असो की मेडिकलमधली गोळी, तर गोळा आणखी घट्ट होणार. सासूबाईंना एवढं नक्की सांगा.

यावर उपचार आहे, स्वस्त आहे, आणि जुना आहे. आधी साठलेलं बाहेर काढायचं, मग कित्येक महिने शी मऊ ठेवणारं औषध चालू ठेवायचं. पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर त्यासाठी वापरतात. पाण्यात विरघळते, जवळजवळ बेचव असते, त्यामुळे चवीला खोड्या काढणाऱ्या मुलांत चालून जाते. लॅक्ट्युलोजचं सिरपही असतं, ते गोडमिट्ट. लोक एक चूक हमखास करतात, आठवड्याभरात फरक पडला की औषध बंद. ताणलेलं आतडं पूर्वपदाला यायला वेळ लागतो.

जेवणानंतर पाच-दहा मिनिटं कमोडवर बसवायचं, पायाखाली पाट ठेवून. जेवलं की मोठ्या आतड्याला आपोआप चालना मिळते, ती वेळ साधायची. शी झाली नाही तरी रागवायचं नाही.

आणि दूध किती पितो? दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर असेल तर आधी रक्तातलं लोह तपासून घ्या. दुधाने पोट भरतं, दुसरं काही जात नाही, लोह कमी पडतं, बद्धकोष्ठ वाढतं. लोह कमी असलेली मुलं चिडचिडी होतात, नीट झोपत नाहीत, आणि मग सगळं खापर ऑटिझमवर फुटतं.

विश्रामबागची_आई

डॉक्टर, दूध लिटरभर तरी जातं. बाटलीनेच. काय बोलू.

धरून ठेवतो हे आजवर कुणीच सांगितलं नव्हतं. आम्ही पडद्याबाहेर उभं राहून "कर, कर, जोर लाव" म्हणत असतो.

तासगावकर_द्राक्षवाला

मला त्यातलं काय कळत नाय, पण एक इचारू का? आम्ही बागेत ड्रिपमधनं जीवाणूंची स्लरी सोडतो. ट्रायकोडर्मा, पीएसबी, काय काय. फरक पडतो कधी, कधी नाय. पोटाचं पण तसंच असतंय का?

पेट्री_डिश

भाऊ, याहून चांगला प्रश्न परिषदांमध्येही विचारत नाहीत. ट्रायकोडर्मा बुरशी आहे, पण ते राहू दे. तुम्हाला अनुभवाने माहीत आहे की नुसती स्लरी सोडून भागत नाही. जमिनीत सेंद्रिय कर्ब नसेल तर बाटलीतले जीवाणू टिकतच नाहीत. आतड्यातही तेच : जीवाणू जगतात ते आपण खातो त्या तंतूंवर, म्हणजे फायबरवर. दूध-बिस्किटावर वाढणाऱ्या पोटात तुम्ही कितीही महागडा जीवाणू सोडा, त्याला खायला काय?

आणि इथे एक उलटा धागा सापडतो. ऑटिझम असलेल्या मुलांचे जीवाणू वेगळे असतात, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. हाँगकाँगच्या गटाने २०२४ मध्ये १,६२७ मुलांच्या नमुन्यांवरून तसं दाखवलं. पण वेगळे *का*? ऑस्ट्रेलियात २०२१ साली २४७ मुलांच्या शीचा जनुकीय अभ्यास झाला, त्यात ९९ मुलं ऑटिझमची. त्यांना ऑटिझम आणि जीवाणू यांचा थेट संबंध फारच किरकोळ सापडला. ठळक दिसलं ते असं : ठरावीकच खाण्याच्या हट्टामुळे आहार आखडतो, आहार आखडला की जीवाणूंची विविधता घटते. म्हणजे चुरमुऱ्यांमुळे जीवाणू तसे झालेत, जीवाणूंमुळे चुरमुरे नव्हेत. सगळे शास्त्रज्ञ या एका अभ्यासावर थांबलेले नाहीत, वाद चालू आहे. पण 'ऑटिझमचं मूळ आतड्यात' असं छातीठोक सांगणारा माणूस या वादाचा पत्ताच नसलेला किंवा तो लपवणारा असतो.

मोकळा_विचार

अभ्यास अभ्यास काय लावलंय. माझ्या मेहुण्याच्या मुलाला प्रोबायोटिकने बोलायला लागलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. आईला कळत नाही का आपलं मूल सुधारलंय ते?

पेट्री_डिश

आईला कळतं. पण कशामुळे सुधारलं ते एकट्या आईला कळू शकत नाही, आणि त्यात तिचा काही दोष नाही. यावर एक जुनी गोष्ट आहे, ती ऐकाच.

१९९८ साली अमेरिकेत तीन मुलांची हकीकत छापून आली. पोटाच्या तपासणीसाठी त्यांना सिक्रेटिन नावाचं आतड्यातलं संप्रेरक टोचलं होतं, आणि त्यानंतर मुलं बोलायला, बघायला लागली म्हणे. एकच गाजावाजा झाला, हजारो मुलांना सिक्रेटिन टोचलं गेलं. १९९९ मध्ये एड्रियन सँडलर यांच्या गटाने ६० मुलं घेऊन नीट चाचणी केली, निम्म्यांना सिक्रेटिन, निम्म्यांना मिठाचं पाणी. दोन्हीकडे मुलं जवळजवळ सारखीच सुधारली. मिठाच्या पाण्याने! आणि पुढचा भाग : हे निकाल सांगितल्यावरही ६९% पालक म्हणाले, आम्हाला सिक्रेटिनमध्ये रस आहे. नंतर बऱ्याच चाचण्या झाल्या, सिक्रेटिन काही उभं राहिलं नाही.

२००० साली रिचर्ड सँडलर (आडनाव तेच, माणूस वेगळा) यांनी ११ मुलांना तोंडावाटे व्हॅन्कोमायसिन दिलं. बऱ्याच जणांत थोड्या काळापुरती सुधारणा दिसली, औषध थांबल्यावर ती ओसरली. म्हणजे आतड्याकडे बघण्याची कल्पना टाकाऊ आहे असं मी म्हणतच नाहीये. तिथे काहीतरी आहे. पण 'काहीतरी आहे' आणि 'पॅकेज घ्या' यात फार मोठं अंतर आहे.

प्रीतिसंगम

मी कराडची. लेक आता आठवीच्या वयाची आहे. ताई, मी त्या व्हिडिओतल्यासारख्याच एका केंद्राचं पॅकेज घेतलं होतं, नाव घेत नाही. शीचा नमुना कुरिअरने गेला आणि रंगीबेरंगी पट्ट्यांचा जाडजूड रिपोर्ट आला. लाल म्हणजे वाईट जीवाणू, हिरवा म्हणजे चांगला. तो घेऊन आमच्या पोटाच्या डॉक्टरांकडे गेले, तर ते म्हणाले, यावरून मी एकही औषध बदलू शकत नाही. मग गहू बंद, दूध बंद. गव्हाचं आम्हाला काही वाटलं नाही, ज्वारीची भाकरी घरात होतीच. पण दूध एकदम तोडलं तेव्हा पोरीने दुसरं काही घेतलंच नाही आणि वजन उतरलं. केंद्राला फोन केला की उत्तर एकच, "डिटॉक्स चाललंय, सोसा."

पुढे एका आहारतज्ज्ञ बाईंनी शिकवलं ते कामाला आलं. खात असलेल्या पदार्थाच्या शेजारचा पदार्थ शोधायचा. चुरमुरे खातो ना? मग ज्वारीच्या लाह्या ठेवून बघा. दिसायला तशाच पांढऱ्या, कुरकुरीत. ताटात नुसत्या राहू द्या, खा म्हणू नका. आमच्याकडे लाह्या, मग लाह्यांचं पीठ, मग भाकरीचा पापुद्रा असं सरकत गेलं. फार सावकाश.

शांत_कोपरा

मी सव्वीस वर्षांचा, ऑटिस्टिक, साताऱ्यात राहतो, अकाउंट्सचं काम करतो. लहानपणी मी भिंतीवर डोकं आपटायचो. घरच्यांना वाटायचं हट्टीपणा. माझं पोट दुखायचं. पोट दुखतंय हे 'पोट दुखतंय' असं मला कळायचंच नाही, नुसतं सगळं असह्य व्हायचं. बद्धकोष्ठावर औषध सुरू झालं आणि आपटणं पुष्कळ कमी झालं. माझा ऑटिझम तिथेच आहे, दुखणं गेलं.

'मूळ आतड्यात आहे' आणि 'दुरुस्त करू' ही भाषा वाचली की मला बरं वाटत नाही, एवढंच नोंदवतो.

बालडॉक्टर_सातारा

शांत_कोपरा, तुमचा प्रतिसाद मी माझ्याकडे येणाऱ्या पालकांना वाचून दाखवणार, चालेल ना?

या मुलांत पोटाच्या तक्रारी इतर मुलांच्या चौपटीहून जास्त आढळतात, असं २०१४ च्या एका मोठ्या आढाव्यात आहे. ज्याला सांगता येत नाही त्याचं पोट बरं केलं तर तो शांत होतो, झोपतो, थेरपीत बसतो. बाहेरून बघणाऱ्याला ते 'ऑटिझम कमी झाला' असं दिसतं. अ‍ॅरिझोनाच्या मुलांतला काही भाग हाच असू शकेल. पोट बरं करायला शी-प्रत्यारोपणच लागतं असं थोडंच आहे?

चिंचबन

पण डॉक्टर, नुसतं प्रोबायोटिक द्यायला काय हरकत आहे? सॅशे तर मेडिकलमध्ये सर्रास मिळतात.

बालडॉक्टर_सातारा

एरवी धडधाकट असलेल्या मुलाला सहसा अपाय होत नाही. उपयोगाचं विचाराल तर लहान मुलांवरच्या दोन चाचण्या मला महत्त्वाच्या वाटतात, दोन्ही इटलीतल्या, दोन्हींत खोट्या औषधाचा गट होता.

पहिली २०२० ची : दीड ते सहा वर्षांची ८५ मुलं, सहा महिने जीवाणूंचं मिश्रण. एकंदर ऑटिझमच्या मोजमापात दोन गटांत फरक नाही. पोटाच्या तक्रारी असलेल्या मुलांत मात्र पोटाची काही लक्षणं आणि रोजच्या व्यवहारातली काही कौशल्यं सुधारली. दुसरी २०२४ ची : लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी, दोन ते आठ वयाची ४३ मुलं. सामाजिक वागण्यात सुधारणा दिसली, ऑटिझमची एकूण तीव्रता तशीच. मुलं थोडी आहेत, पण चाचणी प्रामाणिक आहे.

यातली मेख अशी की गुण त्या *विशिष्ट वाणाचा*. मेडिकलमध्ये सर्रास मिळणारी बॅसिलस क्लॉसीची प्लास्टिकची नळी म्हणजे ते नव्हे.

एफएमटीचं मात्र मी स्पष्ट नाही म्हणेन. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २०१९ मध्ये इशारा दिला : एकाच दात्याची शी दिलेल्या दोन रुग्णांना औषधांना दाद न देणाऱ्या ई-कोलायचा संसर्ग झाला, त्यातला एक दगावला. त्यांची प्रतिकारशक्ती आधीच कमी होती हे खरं, पण दात्याच्या शीत तो जीवाणू आहे का हे तपासलंच नव्हतं. पुढे २०२२ आणि २०२३ मध्ये तिथे अशी दोन उत्पादनं मंजूर झाली, तीही फक्त सी-डिफ या आतड्यातल्या जीवाणूच्या वारंवार होणाऱ्या संसर्गासाठी आणि १८ वर्षांवरच्यांना. चार वर्षांच्या मुलाच्या ऑटिझमसाठी एफएमटी करायची तर नीतिसमितीची मंजुरी असलेल्या चाचणीतच, आणि तिथे सहभागी होण्याचे लाखभर रुपये मागत नाहीत.

आपल्याकडे स्टेम सेलचं हेच झालं. भरमसाट पैसे घेऊन ऑटिझमवर ती विकली गेली. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमंडळाने ऑटिझमसाठी स्टेम सेलची शिफारस करता येत नाही असं सांगितलं, तोवर कितीतरी घरांतले दागिने गेले होते.

आप्पा_मिरजकर

सुनबाई, तुझ्या सासऱ्यांच्या वयाचा आहे मी. त्यांना सांग, बागेवर उचल घेऊ नका. नातवाच्या नावाने दिव्यांग प्रमाणपत्र काढलंय का? २०१६ च्या कायद्यात ऑटिझम आहे. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढा. राष्ट्रीय न्यासाची निरामय विमा योजना आहे, एक लाखापर्यंत, त्यात थेरपीचा खर्चही बसतो. सिव्हिलला जाऊन लहान मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं डीईआयसी केंद्र कुठं बसतं विचारायचं. चकरा माराव्या लागतात, पण माझ्या नातीचं झालंय. कागदं कुठली लागतात ते व्यनितून (खासगी निरोपातून) पाठवतो.

विश्रामबागची_आई

सगळ्यांचे आभार, काका तुमचे विशेष. व्यनि मिळाला.

केंद्राला फोन करून तीन प्रश्न विचारले. चार वर्षांच्या मुलांवर चाचणी झालीय का, दात्याची तपासणी कुठल्या लॅबमध्ये होते, आणि नीतिसमितीची मंजुरी आहे का. पहिल्या दोन्हींना "मॅडम, तुम्ही एकदा सेंटरला भेट द्या." तिसऱ्याला त्या मुलीने विचारलं, "नीतिसमिती म्हणजे?" त्यानंतर रोज डिस्काउंटचे मेसेज येतायत. ब्लॉक केलं.

इथल्या डॉक्टरांना दाखवलं. पोटाला हात लावल्यावर लगेच म्हणाले, गच्च भरलंय. साठलेलं काढायला दोन-तीन दिवस घर म्हणजे धोबीघाट झालं होतं. आता पावडर चालू आहे. हिमोग्लोबिनही कमीच निघालं, त्याचं वेगळं औषध. पडद्यामागे अजून जातो, पण वेळ कमी झालाय, आणि काल ओटीच्या मॅडम आपणहून म्हणाल्या की आज बराच वेळ बसला. सासूबाईंनी डाळिंबाची साल बरणीत भरून ठेवलीय, "असू दे, लागेल कुणाला तरी."

लाह्या ताटात ठेवतेय. अजून नुसत्या मोजतो आणि बाजूला सारतो.

एक विचारायचं होतं : पावडर पाण्यातून घेत नाही, बाटलीतलं दूध सोडून त्याला काहीच नको असतं. दुधात घालू का?

बालडॉक्टर_सातारा

दुधात विरघळते, औषध म्हणून अडचण नाही. पण दूध कमी करायचंय ना, म्हणून दिवसातल्या एकाच बाटलीत घाला आणि बाकीच्या बाटल्या थोड्या-थोड्या लहान करत चला. पातळ ताक घेतो का बघा, तेही पांढरंच असतं. लोहाचं औषध मात्र दुधाबरोबर देऊ नका, दोन्हींत तास-दोन तासांचं अंतर ठेवा.

प्रीतिसंगम

ताक स्टीलच्या भांड्यातून नको, त्याच बाटलीतून द्या आधी. आमच्याकडे सगळी भानगड भांड्याची होती.